नॅस थेट संगणकाला जोडला, दिवे लागतात पण ड्राइव्ह दिसत नाही

शंकासुर | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, तीन दिवस डोकं आपटून झालं, आता हात टेकले.

दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून फायली देणारा डिस्कचा डबा) आहे, सहा-सात वर्षं जुना. आजवर राउटरला जोडलेला होता आणि निमूट चालत होता. आता राउटर दुसऱ्या खोलीत गेला. तिथे नॅस ठेवायला जागा नाही, म्हणून तो टेबलावर आणला आणि इथरनेट केबलने सरळ संगणकात खुपसला. संगणकाला इंटरनेट वायफायने मिळतं, तर केबलचं भोक नाहीतरी रिकामंच होतं.

नॅस चालू होतो, डिस्कचा घुर्र आवाज येतो. मागे केबलजवळ हिरवा दिवा लुकलुकतो. समोर दोन हिरवे आणि एक केशरी. विंडोज म्हणतं ‘अनोळखी नेटवर्क’. नॅसचं नाव टाकलं की थोडा वेळ विचार करून ८००७००३५ चा एरर देतं, नेटवर्क पाथ सापडला नाही. केबल बदलून पाहिली, दोन्ही यंत्रं बंद-चालू केली, फायरवॉल बंद करून पाहिली. ढिम्म.

नॅसच्या मागे यूएसबीचं भोक आहे, तिथून संगणकाला जोडता येईल का? भाचा म्हणतो, डिस्क काढ आणि संगणकात लाव, दोन मिनिटांचं काम. आत चौदा वर्षांचे फोटो आहेत, ६०० जीबीच्या आसपास. म्हणून धीर होत नाही.

बिनतारी | सोमवार, रात्री १०:०५

भाच्याला आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायला सांगा.

घरगुती नॅसमध्ये आत बहुतेक लिनक्स असतं. डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत, ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस, आणि त्याखाली सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायची रचना. विंडोजला यातलं काही वाचता येत नाही. ते बापडं समजतं की डिस्क कोरी आहे, आणि नम्रपणे विचारतं, ‘इनिशियलाइज करू का? फॉरमॅट करू का?’ घाईत हो म्हटलं की चौदा वर्षं गेली. अगदीच वेळ आली तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून फक्त-वाचन पद्धतीने डिस्क उघडता येते. पण तुमचा नॅस जिवंत आहे, मग चिरफाड कशाला?

यूएसबीचं उत्तर नाही. ते भोक नॅसला बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावायला असतं. तिथे नॅस यजमान आणि संगणकही यजमान. दोन यजमान समोरासमोर बसले तर पाहुणा कोण होणार? काही महाग मॉडेलांत थंडरबोल्टने थेट जोडायची सोय असते, पण सहा-सात वर्षांपूर्वीच्या साध्या नॅसमध्ये ती नसणार.

आणि फायरवॉल परत चालू करा. अडचण तिथे नाही.

खटपट्या | सोमवार, रात्री १०:२०

थेट जोडायला क्रॉसओव्हर केबल (आतल्या तारा अदलाबदल केलेली) लागते!!! साधी केबल चालत नाही. माझ्याकडे एक पडून आहे.

जुनाजाणता | सोमवार, रात्री १०:४१

खटपट्या, ती केबल जपून ठेवा, संग्रहालयवाले विचारत येतील. गिगाबिट पोर्ट दोन्हीकडे असले की तारांची अदलाबदल ते स्वतःच करून घेतात. आणि मागचा दिवा लागतोय म्हणजे तार जुळली आहे. प्रश्न तारेच्या वरच्या मजल्यावर आहे.

शंकासुर, राउटर म्हणजे नुसता तारांचा चौक नव्हता. घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटायचं काम तोच करायचा. आता त्या केबलवर दोघंच उरलेत आणि पत्ता देणारा कुणीच नाही. संगणक थोडा वेळ हाका मारतो, उत्तर आलं नाही की स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. नॅसही ‘आपोआप पत्ता घे’ वर असेल तर तोही तेच करतो आणि दोघं एकमेकांना सापडतात. म्हणून काही जणांचा नॅस थेट जोडल्यावर मिनिटभरात आपसूक दिसायला लागतो. तुमचा दिसत नाही, म्हणजे तुमच्या नॅसला कधीतरी कुणीतरी कायमचा पत्ता दिलेला असावा.

कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा आणि दोन्ही जोडण्यांचे पत्ते इथे टाका. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

शंकासुर | सोमवार, रात्री ११:०२

इथरनेट: १६९.२५४.८३.१७
वायफाय: १९२.१६८.१.३४

आणि हो! आठवलं. नॅस घेतला तेव्हाच १९२.१६८.१.५० असा पत्ता देऊन ठेवला होता, दर वेळी बदलू नये म्हणून. खोक्यावर मार्करने लिहिलेलाही आहे, आत्ता उलटा करून पाहिला. पण त्या पत्त्याला पिंग केलं (नुसती हाक मारून उत्तर येतं का पाहिलं) तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ येतंय. म्हणजे नॅस बिघडला ना?

जुनाजाणता | सोमवार, रात्री ११:१५

नाही. ते उत्तर कुणाकडून आलं ते वाचा. ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढे कोणता पत्ता आहे?

शंकासुर | सोमवार, रात्री ११:१८

१९२.१६८.१.३४. अरे, हा तर माझाच वायफायचा पत्ता!

जुनाजाणता | सोमवार, रात्री ११:४०

तेच तर. संगणकाने विचार केला की १९२.१६८.१ चा मोहल्ला वायफायकडे आहे, म्हणून नॅसला वायफायवर शोधलं. नॅस हातभर अंतरावर केबलच्या टोकाला बसलाय आणि शोध चाललाय दुसऱ्या खोलीत. कुणी सापडलं नाही म्हणून तुमच्याच संगणकाने तुम्हाला ‘पत्ता लागत नाही’ असं कळवलं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

आता असं करा. वायफाय थोडा वेळ बंद. इथरनेटच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये हाताने पत्ता भरा: १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाका, त्याचं पॅनेल उघडेल. काही नॅसना पत्त्यापुढे पोर्ट क्रमांकही लागतो, सिनॉलॉजीला ५०००, क्यूनॅपला ८०८०. पॅनेलच्या नेटवर्क विभागात जाऊन नॅसचा पत्ता बदला: १९२.१६८.७७.२, मास्क तोच. सेव्ह केलं की पान लटकेल आणि चक्र फिरत राहील. घाबरायचं नाही, नॅस घर बदलून गेलाय. मग संगणकाच्या इथरनेटला १९२.१६८.७७.१ द्या आणि वायफाय चालू करा.

७७ च का? काही खास नाही. घरच्या वायफायच्या तिसऱ्या आकड्याशी जुळत नाही एवढंच पाहायचं. वायफायचा मोहल्ला वेगळा, केबलचा वेगळा, म्हणजे संगणकाचा गोंधळ होत नाही.

नीरजा | मंगळवार, सकाळी ८:१०

समोरचा केशरी दिवा कसला आहे, ते कुणी विचारलं का?

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:२५

जुनाजाणता साहेब, साष्टांग!! पॅनेल उघडलं, पत्ता बदलला. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे नवा पत्ता टाकल्यावर नॅसचे फोल्डर समोर आले. विंडोजने नाव-पासवर्ड मागितला तेव्हा संगणकाचा दिला आणि दोनदा आपटलो. मग ट्यूब पेटली की नॅसवरच्या खात्याचा द्यायचा असतो.

पण आता इंटरनेट गेलं. वायफाय जोडलेलं दिसतंय, पानं उघडत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर.

बिनतारी | मंगळवार, रात्री ९:३१

इथरनेटच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट गेटवे’च्या रकान्यात काही भरलंत का?

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:३३

हो, रिकामा बरा दिसेना म्हणून नॅसचाच पत्ता टाकला.

बिनतारी | मंगळवार, रात्री ९:३८

रिकामाच ठेवायचा. डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्याचा) रकानासुद्धा. गेटवे म्हणजे बाहेरच्या जगात जायचं दार, आणि तुम्ही संगणकाला सांगितलंत की दार नॅसच्या कपाटातून आहे. केबल आणि वायफाय दोन्ही असले की विंडोज सहसा केबलच्या दाराला आधी पसंती देतं.

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:४४

झालं. दोन्ही चालतंय. 🙏

मधलीसुट्टी | बुधवार, दुपारी १:०५

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझाही नॅस थेट जोडलेला आहे. पिंगला उत्तर देतो, पॅनेल उघडतं, पण विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यापासून फोल्डर उघडत नाही. आधी पासवर्ड न देता उघडायचा.

जुनाजाणता | बुधवार, दुपारी २:२०

तुमची गोष्ट वेगळी आहे, वेगळा धागा काढलात तर बरं. थोडक्यात: प्रो आवृत्तीत आता पासवर्डाविना ‘पाहुणा’ म्हणून शिरता येत नाही आणि एसएमबी (नेटवर्कवरचे फोल्डर उघडायला विंडोज वापरतं ती भाषा) साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालंय. ती सक्ती काढायच्या युक्त्या नेटवर पसाभर मिळतील, त्यांच्या नादी लागू नका. नॅसवर एक खातं काढा, पासवर्ड द्या, त्याने आत या. नॅस फारच जुना असेल आणि फक्त एसएमबी१ (त्या भाषेची जुनी आवृत्ती) बोलत असेल तर मात्र कठीण. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या दारातून पसरला ते हेच. तेवढ्यापुरता एसएमबी१ चालू करा, माल बाहेर काढा, पुन्हा बंद करा आणि नॅसला निवृत्ती द्या.

शंकासुर | बुधवार, रात्री ८:५०

नवी तक्रार. (नाव सार्थ करतोय.) फोटोंची एक प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्यावी म्हणून कॉपी लावली, तर वेग ११.२ एमबी प्रति सेकंद. विंडोज पंधरा तास दाखवतंय. थेट जोडल्यावर वेग वाढायला हवा ना?

खटपट्या | बुधवार, रात्री ९:००

जंबो फ्रेम (डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवणं) चालू करा, ९०००. वेग दामदुप्पट!

जुनाजाणता | बुधवार, रात्री ९:०६

खटपट्या, दोन्ही टोकांना जुळलं नाही तर छोटा पिंग जातो आणि मोठी फाइल मध्येच लटकते. तो खेळ नको. आणि जुळलं तरी थोडाफारच फरक पडेल, दहापट नाही.

नीरजा | बुधवार, रात्री ९:१५

११ च्या आसपासचा आकडा आला की डोळे मिटून केबल बघायची. १०० मेगाबिटच्या जोडणीला आठाने भागलं तर साडेबारा एमबी होतात, त्यातून वरखर्च वजा केला की ११-१२ हातात राहतात. गिगाबिटला ११० च्या पुढे मिळायला हवेत. तुमचा आकडा बरोबर दहावा हिस्सा आहे, म्हणजे जोडणी १०० वर उतरलीये. इथरनेटच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ बघा.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोनांपैकी एक जरी तुटली तरी दिवा लागतो, पिंग जातो, फाइल उघडते, सगळं आलबेल वाटतं. फक्त वेग दहा टक्के.

आणि पुन्हा विचारते. समोरचा केशरी दिवा?

शंकासुर | बुधवार, रात्री ९:४०

लिंक स्पीड १००/१००! टेबलाखाली वाकून पाहिलं तर केबल टेबलाच्या पायाखाली चेपलेली. तिथे ती पट्टीसारखी चपटी झालीये, हाताला खळगा लागतो. म्हणजे तीन दिवसांपूर्वी केबल ‘बदलली’ तेव्हा टेबल सरकवून नव्या केबलवर मीच ठेवलं होतं.

नीरजाताई, केशरी दिवा नेटवर्कचाच असणार ना? समोर खाली आहे, त्याच्याखाली बारीक २ लिहिलंय.

नीरजा | बुधवार, रात्री ९:४४

तो दुसऱ्या डिस्कचा दिवा आहे. पॅनेलमध्ये स्टोरेज विभाग उघडा. आत्ता. काही दाबू नका, फक्त वाचा.

शंकासुर | बुधवार, रात्री ९:५८

‘व्हॉल्यूम डिग्रेडेड’. डिस्क २ नादुरुस्त. लॉगमधली तारीख अडीच महिने जुनी आहे. म्हणजे राउटरला होता तेव्हापासूनच. पोटात खड्डा पडला.

नीरजा | बुधवार, रात्री १०:१२

शांत व्हा. रेड १ आहे, दोन्ही डिस्कवर तोच मजकूर होता. एक गेली, दुसरी अडीच महिने एकटीने गाडा ओढतेय. फोटो आहेत, पण आता त्यांना वाली एकच. दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या असतील, म्हणजे वयही सारखंच.

आता क्रम महत्त्वाचा. आधी कॉपी, मग नवी डिस्क. उलट करू नका. नवी डिस्क घातली की नॅस जुनी डिस्क पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचून नवीवर उतरवतो. थकलेल्या डिस्कला तेवढा वेळ सलग पळवायचं तर मागे एक प्रत हवीच. म्हणून त्या ११ एमबीवर रात्रभर ताटकळू नका. कॉपी थांबवा, धडकी केबल घाला. पंधरा तासांचं काम दीड तासात होईल, आणि जिचा भरवसा नाही त्या डिस्कला साडेतेरा तास कमी राबावं लागेल.

नॅस बंद-चालू करू नका. चालू आहे तोवर चालू द्या.

बिनतारी | बुधवार, रात्री १०:१५

+१. एकच भर: कॉपी करताना सर्वांत लाडकं फोल्डर आधी. आणि ‘मूव्ह’ नाही, ‘कॉपी’.

शंकासुर | गुरुवार, पहाटे १:१०

राउटरच्या जुन्या खोक्यात एक न उघडलेली केबल होती. लिंक स्पीड १०००/१०००, वेग १०८ ते ११२ च्या मध्ये. बारीकसारीक फाइलींच्या फोल्डरमध्ये तो ३० वर यायचा तेव्हा जीव खालीवर व्हायचा. शेवटची फाइल आत्ता गेली. अधूनमधून वीसेक फोटो उघडून पाहिले, ठीक आहेत. झोपतो.

मधलीसुट्टी | गुरुवार, सकाळी ९:३०

हे वाचून मीही माझ्या नॅससमोर जाऊन दिवे मोजले. सगळे हिरवे. खातं काढून पासवर्ड दिला, फोल्डर उघडला. धन्यवाद.

शंकासुर | शनिवार, सायंकाळी ६:२०

तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणली. नॅसच्या माहितीपुस्तिकेत चालू असताना डिस्क बदलता येते असं लिहिलंय. दुसऱ्या खणातली काढण्याआधी तिचा अनुक्रमांक पॅनेलमधल्याशी तीनदा ताडून पाहिला, भलतीच काढली तर उरलेलीही गेली. रिबिल्ड, म्हणजे नवीवर मजकूर उतरवणं, ४ टक्के.

आता विचार करतोय की पुन्हा असं झालं तर नॅसने मला मेल करावा. पण त्याला इंटरनेट कुठून देऊ?

खटपट्या | शनिवार, सायंकाळी ६:३५

सोप्पं! वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅब, ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’वर टिक. संगणकाचं इंटरनेट केबलने नॅसला जाईल.

शंकासुर | शनिवार, सायंकाळी ६:५२

टिक केलं आणि नॅस गायब!!! रिबिल्ड चालू असताना!!! खटपट्या!!!

जुनाजाणता | शनिवार, सायंकाळी ७:०१

दीर्घ श्वास घ्या. रिबिल्ड नॅसच्या पोटात चालतं, त्याला तुमचा संगणक लागत नाही. केबल काढून टाकलीत तरी ते चालूच राहील.

खटपट्यांनी सांगितलेला उपाय चुकीचा नाही, अर्धा आहे. ते शेअरिंग चालू केलं की विंडोज तुम्हाला न विचारता केबलकडचा पत्ता १९२.१६८.१३७.१ करून टाकतं. नॅस बसलाय ७७ मध्ये, संगणक गेला १३७ मध्ये. सोमवारचीच कथा. टिक काढा, इथरनेटला १९२.१६८.७७.१ पुन्हा भरा, नॅस परत दिसेल. रिबिल्ड संपल्यावर इंटरनेट हवंच असेल तर आधी नॅसचा पत्ता १९२.१६८.१३७.२ करा, गेटवे आणि डीएनएस १९२.१६८.१३७.१ द्या, मग शेअरिंगवर टिक. तेव्हा गेटवे भरायचा, कारण तेव्हा खरोखरच बाहेर जायचं दार आहे. पण ते फक्त नॅसच्या बाजूला. तुमच्या बाजूचा रकाना रिकामाच.

माझं मत विचाराल तर नॅसला इंटरनेट देऊच नका. थेट केबलवर आहे तोवर बाहेरचं कुणी सरळ त्याच्यापर्यंत पोचत नाही, ही या जोडणीतली सर्वांत चांगली गोष्ट आहे. हां, घड्याळ मागेपुढे होईल, ते अधूनमधून हाताने लावा. बहुतेक नॅसमध्ये डिस्क बिघडली की बीप वाजवायची सोय असते. ती चालू आहे का बघा.

शंकासुर | शनिवार, सायंकाळी ७:१४

आला परत. ९ टक्के. बीपची सोय आहे, आणि ती बंद केलेली आहे. कुणी केली ते लख्ख आठवतंय. अडीच महिन्यांपूर्वी रात्री काहीतरी पीं-पीं करत होतं, झोपमोड नको म्हणून मीच पॅनेलमध्ये जाऊन आवाज बंद केला होता.

नीरजा | शनिवार, सायंकाळी ७:१६

😶

शंकासुर | रविवार, सकाळी ७:४०

१०० टक्के. दिवे तिन्ही हिरवे. बीप चालू केलीय, एकदा वाजवून पाहिली, घरातले दचकून उठले. भाच्याने विचारलं, डिस्क काढून लावली का?

खटपट्या | रविवार, सकाळी ८:०५

अभिनंदन! क्रॉसओव्हर केबल अजून आहे, कुणाला हवी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.